लिंबाचा निर्जळी उपास

रुक्मिणीबाईंच्या दारातलं कडुलिंब पाण्यानं मरत होतं, आणि तेही सोलापुरात, जिथं नळ पाचव्या दिवशी तोंड दाखवतो.

पाण्याचा दिवस उजाडला की गल्लीत एकच घाई. साठवलेलं पाणी शिळं झालं, ते काढायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. पण मोरीत ओतायला जीव धजत नाही. मग प्रत्येकीला बाईंचं कमरेएवढं लिंब आठवायचं. घागरी, कळश्या, बादल्या. सगळी शिळी माया त्याच्या बुडाशी. खाली काळी माती, पाणी सोडता सोडत नाही. मुळं कुजायची, पानं पिवळी पडायची. पिवळं पान बघून गल्ली हळहळायची, लेकरू तहानलंय म्हणायची आणि दोन घागरी जास्त ओतायची.

आधीची दोन लिंबं अशीच मायेनं गेली होती. हे तिसरं. बाईंची खोली पश्चिमेची. उन्हाळ्यात भिंत तव्यासारखी तापायची आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपार तिथंच काढायची होती; सावलीला झाड हवंच होतं. बाईंनी समजावलं, पाटी लावली, बत्तीस वर्षांचा वर्गातला आवाज लावला. पाणी नको म्हणणारं झाड सोलापुरात कुणाला पटावं?

शेवटी समोरच्या गिरिजाबाई घागर कमरेवर घेऊन आल्या, तेव्हा बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"आज नको. त्याचा उपास आहे. निर्जळी."

गिरिजाबाईंनी घागर खाली ठेवली. कुणाचा उपास मोडायचं पाप त्यांनी जन्मात केलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "खिचडी चालंल का?"

बातमी फिरली. झाडासमोरून जाताना लोक पाण्याचा पेला पदराखाली झाकायला लागले. रोज तिथंच चूळ भरणारे सिद्धाप्पा तोंड फिरवून भरू लागले. एकादशीला बुडाशी साबुदाण्याचा वाडगा आला; मुंग्या फराळ करून गेल्या. माती सुकली, भेगाळली. मुळं ओल हुडकत खोल खोल गेली, आणि चैत्रात शेंड्याला तांबूस पालवी आली, नव्या नवरीच्या तळव्यासारखी.

पालवी बघून गल्ली हरखली. व्रत फळलं, म्हणजे उद्यापन आलंच. येत्या पाण्याच्या दिवशी एकवीस घागरी, हळदीकुंकू लावून. सिद्धाप्पांनी हलगीवालासुद्धा ठरवला.

त्या सकाळी हलगी वाजू लागली, दारात घागरींची रांग लागली. बाई घागरी मोजत उभ्या राहिल्या. कुणीतरी पाणी पुढं केलं, ते त्यांना पिववेना.

"बाई," सिद्धाप्पा म्हणाले, "उपास कशापायी धरला हुता तेवढं सांगा. म्हंजे सोडाय बरं."

बाईंनी झाडाकडं पाहिलं. झाडानं एक पान हलवलं, मागच्या बाकावरून उत्तर पुरवल्यागत.

"नळाला रोज पाणी यावं म्हणून," बाई म्हणाल्या. "तोवर थेंब घेणार नाही म्हणतंय."

हलगी थांबली. गिरिजाबाईंनी झाडाला हात जोडले आणि आपली भरली घागर उचलून घरी नेली. मागोमाग बाकीच्यांनीही.

सिद्धाप्पा मात्र शेंड्याकडं बघत, मग त्याच्याही वर आभाळाकडं बघत उभे राहिले.

"मंग आता लई मोट्टं हुणार की हे," ते म्हणाले.