दाभोळ दोन बोटांवर

मी नकाशा. वय तीनशेच्या पुढं, आणि माझ्यात खोट आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मला तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा हॉलंडचा गृहस्थ आपल्या गावाबाहेर कधी पडला नव्हता. खलाशांनी सांगितलं तसा त्यानं कोकणचा किनारा काढला. खलाशी काही डोंगर चढत नाहीत, त्यामुळं आतलं कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद मोकळा बरा दिसेना म्हणून त्यानं तिथं एक हत्ती काढला. सह्याद्री राहूनच गेला.

हिंडत हिंडत मी एका गोऱ्या साहेबाकडं आलो. साहेब मायदेशी गेला, तेव्हा मला त्याच्या आकाराम हवालदाराला देऊन गेला. त्यानं मला पाटणच्या घरी सोप्यात ठोकलं. छापील कागदही चुकतो, हे त्याला पलटणीत कुणी शिकवलं नव्हतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली त्याच्या लेकीला, विजयमालाला, दाभोळचं स्थळ आलं. पलटणीतल्या दोस्ताचा मुलगा. हवालदाराची बायको बयाबाई अडून बसली.

"घाटाखाली पोर द्यायची न्हाई. पयलं बाळंतपण म्हायेरातच व्हायला पायजे. पावसाळ्यात आणायची कशी?"

"आगं, हितं बघ." आकारामनं हत्तीच्या पायाशी बोट टेकवलं. "हे आपलं पाटण, हे दाभोळ. दोन बोटं बी न्हाईत."

बयाबाईनं स्वतःची बोटं लावून पाहिली. दोनच भरली. मला तोंड नव्हतं, असतं तर सांगितलं असतं. लग्न झालं.

पुढच्या आषाढात लेकीला आठव्यात आणायचं ठरलं आणि घाटात दरड कोसळली. तीन आठवडे एसटी बंद. शेवटी डिंकाच्या लाडवांचा डबा डोक्यावर घेऊन बयाबाई चालत घाट उतरली. खाडीला नाव मिळेना, तिथं आणखी एक दिवस मोडला. पोचली तेव्हा नात चार दिवसांची होती.

विजयमाला म्हणाली, "आये, लय वाट बघितली."

घरी परतल्यावर बयाबाई नवऱ्याशी भांडली नाही. चुलीतला कोळसा घेतला आणि हत्तीच्या अंगावरून घाट काढायला लागली. वळणावळणाला बोलत होती, "हितं पाय घसरला. हितं पानी प्याले. हितं बसून रडले."

"आगं, साहेबाचा नकाशा हाय त्यो."

"साहेबानं लेक दिली व्हती का दाभोळला?"



परवा सांगलीचा जुन्या वस्तू घेणारा आला होता. कोळशानं पार वाटोळं झालं म्हणून हळहळला आणि हात हलवत गेला. तुम्ही कधी आलात तर एवढंच करा, तो कोळसा पुसू नका. माझ्या अंगावर तेवढीच एक रेघ चालून आलेल्या माणसानं काढलेली आहे.