शून्य अपघातांचा रस्ता

अफसानाने विठाबाईंच्या घरात रस्त्याचा नकाशा फरशीवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी दिलेल्या चार वाट्या कोपऱ्यांवर ठेवल्या.

“मावशी, तुम्ही नेमक्या कुठं पडलात, तेवढं दाखवा.”

“कशाला? दोन वर्सं झाली की त्याला. तवा पोलिसात गेलो न्हाय, आता काय?”

विठाबाई नुकत्याच कारखान्यातून आल्या होत्या. वाट्या देऊन त्या परत दारातच जाऊन उभ्या राहिल्या.

अफसाना पालिकेत कनिष्ठ अभियंता होती. कोल्हापुरातून कागल एमआयडीसीकडे निघणाऱ्या त्या रस्त्याला पदपथ आणि सायकलींसाठी वेगळा पट्टा मिळावा, म्हणून तिने सरकारी अनुदानाचा प्रस्ताव पाठवला होता. तो एका वाक्यात परत आला : तीन वर्षांत नोंदवलेले अपघात शून्य, सबब प्राधान्य देता येत नाही. महिन्याभरात पुरावा दिला तरच फेरविचार होणार होता. कागदात खोटं काही नव्हतं. पडलेली माणसं उठायची, कपडे झटकायची आणि कारखान्यातली पाळी गाठायची. पोलीस ठाण्यात जाऊन बसायला सवड कुणाला होती?

“त्यो टेंपोवाला सापडंल म्हणून भ्या वाटतंय,” विठाबाई म्हणाल्या. “पोरगंच हुतं. मुद्दाम थोडीच धडक मारली त्यानं?”

“कुणाला पकडायचं नाही, मावशी. रस्त्याचं लिहायचंय.”

विठाबाई खाली बसल्या. उजवं कोपर अजून सरळ होत नव्हतं, म्हणून त्यांनी डाव्या हाताचं बोट नकाशावर टेकवलं. अफसानाने तिथं लाल ठिपका काढला.

“एवढंच व्हय?” विठाबाई उठल्याच. “मग माझ्या एकटीचंच कशाला? चल.”

पुढचे तीन आठवडे, पाळी सुटली की दोघी दारोदार फिरल्या. नावं वहीत गेली, ठिपके नकाशावर. एक्केचाळीस झाले. “पोलिसांचा एकही कागद नाही यात,” पालिकेतले तिचे साहेब म्हणाले, पण त्यांनी फेरप्रस्तावावर सही केली.

मंजुरी मार्चच्या अखेरीस आली. सगळ्या रस्त्याला नाही, पहिल्या टप्प्याला, पावणेदोन किलोमीटर. अफसानाने फोन केला तेव्हा विठाबाई यंत्रांच्या आवाजावर ओरडल्या, “मिळालं व्हय? मिळालं की!” आणि फोन तसाच चालू ठेवून पलीकडे कुणाकुणाला तेच सांगत राहिल्या.

काम सुरू होण्याआधी नकाशा पालिकेच्या व्हरांड्यात लावला गेला, लोकांच्या हरकती आणि सूचनांसाठी. शेवटच्या दिवशी चाळिशीतला एक माणूस त्याच्यापुढे बराच वेळ उभा होता. हातात ट्रकची किल्ली. ट्रकवाल्यांची हरकत येणार, हे अफसानाने धरलंच होतं. त्यांचा रस्ता अरुंद होणार होता. ती बाहेर आली.

“हरकत द्यायची आहे का?”

“न्हाय.” त्याने वळणावरच्या एका ठिपक्याकडे बोट केलं. “मॅडम, हितं कोण पडलंय?”

“नावं सांगता येत नाहीत.”

“सायकलवाला हुता का? गेल्या श्रावणात, सकाळच्या पाळीला?”

अफसानाने आतून वही आणली आणि पान काढलं.

“माणूस जित्ता हाय न्हवं?” त्याने विचारलं.

“आहे. पाय मोडला होता. आता कामावर जातात.”

त्याने भिंतीला हात टेकला.

“त्या वळणाला गाड्या उभ्या करत्यात, ताई. त्येंच्या आडून माणूस दिसतच न्हाय. पट्टा करताय ते बेस, पर आधी ते बंद करा.”

“हे लिहून द्याल? चालकानंच लिहिलं तर वजन पडेल.”

तिने छापील अर्ज पुढे केला. त्याने ‘हरकत’ हा शब्द खोडला आणि ‘सूचना’ राहू दिला. मोठ्या, सुट्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या. नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“नाव नाही टाकलं तरी चालेल,” अफसाना हळूच म्हणाली.

त्याने नकारार्थी मान हलवली. कृष्णात बाबू चौगुले, त्याने लिहिलं. आणि कुणी विचारलं नसताना, त्याखाली आपल्या ट्रकचा नंबरही.