बाबांनी बांधलेल्या वायरी

बाबांचा ट्रक बोगद्यातच बंद पडला. पडदा काळा झाला, टेबलाखालच्या पेटीतला पंखा गुरगुरत थांबला आणि बाबा स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले.

"झालं! आठवड्यातली पाचवी वेळ," धाकटा म्हणाला. "ताई, या डबड्याचे दिवस भरलेत. नवा घे."

"जिभेला काही हाड? बाबांसमोर दिवस भरलेत म्हणतोस!" ताई शिलाई मशीनवरून उठली. "आणि नवा कुणाला हवाय ते मला माहीत आहे. बाबांचा एक तास आणि तुझे पाच."

धाकटा हसला. ताई हसली नाही. स्टिअरिंगवरून बाबांचा उजवा हात घसरला होता आणि एकेक बोट आत मिटत चाललं होतं.

बाबा तीस वर्षं कारखान्यात वायरमन होते. फाटकाबाहेरचं जग त्यांनी पाहिलं नव्हतं, ते निवृत्तीनंतर धाकट्याच्या या गेमिंग कॉम्प्युटरवर पाहिलं. सात वर्षं रोज माल भरायचा, डोंगर ओलांडायचे, बंदरावर उतरवायचा. दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी सगळे उपाय करून पाहिले. मूठ उघडली ती फक्त या स्टिअरिंगवर. "एवढी सवय तुटू देऊ नका," त्या बजावून गेल्या होत्या. "तुटली, तर मूठ पुन्हा उघडेल असं मी सांगू शकत नाही."

आता देवाची करणी पाहा. माणसाचा प्राण कशाला बिलगून राहील याचा नेम नाही. इथे तो एका जुन्या पेटीला बिलगला होता, आणि पेटीलाच धाप लागली होती.

ताईने पेटी घेऊन दुकान गाठलं. तिथल्या कारागिराला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची, कारण त्याचं अक्षर कुणाला लागायचं नाही.

"वीज पुरवणारा पॉवर सप्लाय म्हातारा झालाय," डॉक्टर म्हणाला. "ग्राफिक्स कार्डही दमलंय. माझं ऐकाल तर मशीनच नवं घ्या. जुन्या डिस्कवर साठलेलं सगळं नव्यावर उतरवून देतो. चार दिवस ठेवून जा."

"चार दिवस?" चार दिवस मिटलेली मूठ तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. "नको. आजच्या आज काय होईल ते सांगा."

"मग नुसता पॉवर सप्लाय बदला. खोक्यात वायरींसकट सगळं आहे, सगळंच नवं लावा." एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुपारी नवा पॉवर सप्लाय घेऊन ताईने घरी पेटी उघडली. धाकट्याने विजेरी धरली. बाबांना खुर्चीसकट जवळ ओढून घेतलं, म्हणजे त्यांनाही बघता येईल.

आत धुळीखाली बाबांचं काम होतं. डिस्ककडे जाणारी वायरींची जुडी त्यांनी मेणाच्या दोऱ्याने, बोट-बोट अंतरावर गाठी मारून बांधली होती. एकही गाठ सैल नव्हती. ताईने जुडीवरून बोट फिरवलं. आता बाबांच्या उजव्या हाताला चमचा धरता येत नव्हता.

"ही जुडी नाही काढायची," ती म्हणाली.

"अगं, खोक्यात नवी आहे की."

"असू दे. टिकलेली शिवण कुणी उसवतं का? टोक तर तेच आहे, बघ." तिने जुन्या जुडीचं टोक नव्या पॉवर सप्लायच्या खाचेवर धरलं. ते अलगद बसलं. टक्.

त्याच क्षणी बाबांनी डावा हात खुर्चीवर आपटला.

"बघ, घाई झालीय ट्रकवाल्यांना," धाकटा म्हणाला.

बाबांनी पुन्हा हात आपटला. मग पुन्हा. घशातून खरखर निघाली. त्यांचे डोळे पडद्यावर नव्हते, स्टिअरिंगवर नव्हते. ताईने लावलेल्या टोकावर रोखलेले होते.

"हो हो, बाबा, झालंच. एवढा उतावळेपणा बरा नव्हे," ताई लाडाने म्हणाली आणि त्यांचा आपटणारा हात तिने आपल्या हाताखाली दाबून धरला. प्रेमाच्या माणसाला कधीकधी कान असून ऐकू येत नाही. बाबांचा हात तिच्या पंजाखाली उसळत होता. तिला वाटलं, आनंदच तो.

देवाचं नाव घेऊन तिने बटण दाबलं.

आतून बारीक कट् असा आवाज आला. मग जळक्या प्लास्टिकचा वास.

संध्याकाळी डॉक्टर घरी आला. त्याने पेटीत डोकावून जुन्या जुडीचं टोक उपसलं.

"ताई, खाचा सारख्या असतात," तो म्हणाला. "पण प्रत्येक कंपनी आतल्या तारांचा क्रम वेगळा लावते. जिथे पाच जायला हवे होते, तिथे बारा व्होल्ट गेले. बाकी मशीन वाचलंय. डिस्क गेली."

"परत नाही मिळायचं काही? बाबांच्या सात वर्षांच्या फेऱ्या होत्या तिच्यावर."

त्याने नकारार्थी मान हलवली. कोपऱ्यातून बाबा बघत होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला दुपार पहिल्यापासून दिसली. "तुम्ही सांगत होतात," ती पुटपुटली. "बाबा, तुम्ही मला सांगत होतात."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

नवी डिस्क दुसऱ्याच दिवशी बसली. ट्रकचा खेळ आला, रस्ते आले, पडद्यावर नाव विचारणारी कोरी चौकट आली. धाकट्याने बाबांचं नाव घातलं. बाबा पाहत राहिले, हात उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या, बोटं उलगडायला गेल्या आणि आपलंच बोट सोडवून घेऊन मागे सरल्या. अंगठा मुठीच्या आत गेला होता.

त्या गेल्यावर ताई खुर्चीपाशी जमिनीवर बसली. तिने ती मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली आणि अंगठ्याच्या फटीत हळूच आपलं बोट घातलं.

बाबांचा डावा हात आला. रागाने नव्हे, अगदी सावकाश आला. त्याने ताईचा हात मुठीवरून उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवून दिला.