तिसरा पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. तुम्हाला मित्र म्हणते ते केवळ रीत म्हणून. ज्यांनी मला जन्मभर लाथ मारूनच जागं केलं, त्या माणसांच्या जातीशी माझी मैत्री होणं अवघड आहे. तरी माझी हकीकत ऐका.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग निळा होता आणि पुढे जाळीची नवी टोपली होती. दुकानदाराने माझं तोंड भरून कौतुक केलं आणि जोहोरच्या रिदुआनने मला घरी नेलं. तो सिंगापूरच्या गोदीत वेल्डिंग करायचा. रोज पहाटे दोन देशांमधला खाडीवरचा पूल ओलांडून मी त्याला परदेशी न्यायची आणि संध्याकाळी मायदेशी आणायची. तुमच्याकडे कुणी परदेशी निघालं की गळ्यात हार घालतात म्हणे. आमच्याकडे माणूस पाव चघळत परदेशी जातो आणि रात्रीच्या जेवणाला घरी असतो.

त्या पुलाबद्दल मात्र माझ्याकडून एकही गोड शब्द मिळणार नाही. पहाटे पाचला हजारो गाड्या एकमेकींच्या बरगड्यांना घासत रांगेत उभ्या असतात. पुढचीचा धूर मागचीच्या नाकात जातो. माझा डावा आरसा तिथेच फुटला, आणि फोडणाऱ्याने उलट रिदुआनलाच शिवी दिली. त्या रांगेत कुणी कुणाचं नसतं.

रिदुआनबद्दल माझी तक्रार नाही. दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी तो मला धुवायचा आणि साखळीला तेल घालायचा. एका मंगळवारी मला गोदीच्या फाटकाशी उभी करून तो आत गेला आणि परत आलाच नाही. उंचावरून पडून जागीच गेला. त्याला गाडीत झोपवून पुलावरून घरी नेलं, हे मला कुणी सांगितलंही नाही. मी नऊ दिवस उन्हात तापत वाट पाहत होते. दहाव्या दिवशी त्याची थोरली बहीण कलथुम बसने आली, माझ्या सीटवर हात आपटला आणि म्हणाली, "तू मात्र धडधाकट!" मला ते फार लागलं.

तेव्हापासून मी दोन बायकांच्या तावडीत सापडले. कलथुम मला चालवायची. ती सिंगापूरच्या एका कारखान्यात खोकी भरायची. मागे बसायची रिदुआनची बायको सबारिया. ती तिथल्याच एका कँटीनमध्ये भात शिजवायची. एकाच घरात राहायच्या, एकाच गाडीवर बसायच्या, पण दोन वर्षांत दोघी धड बोलल्या नव्हत्या. दफनाच्या दिवशी सबारियाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, म्हणून कलथुम तिला दगड म्हणायची, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. खरं सांगते, मीही तिला दगडच समजत होते.

मागे बसणारीने पासपोर्ट सांभाळायचे, ही आमच्या रांगेतली पद्धत आहे. सबारिया गळ्यातल्या पिशवीत पासपोर्ट ठेवायची. पासपोर्ट तपासणीची खिडकी आली की कलथुम खांदा उडवायची, सबारिया दोन्ही पासपोर्ट पुढे करायची. दोन देशांच्या चार खिडक्या त्या रोज अशा मुक्यानेच पार करायच्या.

आता त्या दिवसाचं ऐका. कलथुमला कारखान्यात दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा सातनंतर पोचलीस तर कामाचं परमिट रद्द, असं मुकादमाने तोंडावर सांगितलं होतं. घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई होती. आणि नेमकी त्या पहाटे सबारिया दहा मिनिटं उशिरा खाली आली.

"महाराणी आल्या!" कलथुम कडाडली. "गाडी काय तुझ्या बापाची आहे, तुझी वाट बघत उभी राहायला?"

"नवऱ्याची आहे," सबारिया म्हणाली.

"आधी तो माझा भाऊ होता. तुझा नवरा नंतर झाला. आण माझा पासपोर्ट. आजपासून माझा मी ठेवीन. तुझ्या हातात माझी नोकरी नको."

सबारियाने अंधारात पिशवीत हात घातला आणि हाताला लागला तो पासपोर्ट तिच्या अंगावर फेकल्यासारखा दिला. आमच्या जोहोरची माणसं वारा लागू नये म्हणून जॅकेट उलटं घालतात, चेन पाठीकडे. कलथुमने ते उलटं जॅकेट वर करून पासपोर्ट आतल्या शर्टाच्या खिशात कोंबला. उघडून कोण बघतंय? मग सगळा राग माझ्या किकवर काढला. माझं काय चुकलं होतं ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

खिडकीशी पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. कलथुमने जॅकेटाखालून पासपोर्ट ओढून काढला आणि आत सरकवला. अंमलदार पोरसवदा होता. त्याने पासपोर्ट उघडला, कलथुमकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टाकडे पाहिलं.

"काक, हे काय?" आमच्याकडे थोरल्या बहिणीला काक म्हणतात, आणि अंमलदारही बायकांना तसंच म्हणतात. पण त्याच्या आवाजात बहीणबिहीण काही नव्हतं. "हा पुरुषाचा फोटो आहे."

कलथुमने मान आत घातली. फोटो रिदुआनचा होता.

मागे भोंगे सुरू झाले. "ए काक, सरका की! इथे काय डबा खायला बसलात?" एक जण ओरडला. हँडलला चहाची पिशवी लटकवलेला दुसरा म्हणाला, "पगार आमचा कापतात, तुमचा नाही!" कुणाच्या तरी चाकाने माझ्या मडगार्डला ढुशी दिली. अंमलदाराने हात केला, आणि आम्हा तिघींना रांगेबाहेर काढून एका खोलीपाशी नेलं. मला खोलीच्या खिडकीखाली उभी केली, म्हणून पुढचं सगळं मी कानांनी ऐकलं, आणि उरलेल्या आरशात दिसलं तेवढं पाहिलं.

"रिदुआन कोण?" अंमलदाराने विचारलं.

"माझा भाऊ. वारला. दोन वर्षं झाली," कलथुम म्हणाली. "हे हिचं काम आहे! मला अडकवायला हिने हा हातात दिला. विचारा तिला!"

मशीनची टकटक ऐकू आली. मग अंमलदार म्हणाला, "वारला? इथे तर तसं काही नाही. हा माणूस दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी पहाटे बाहेर गेलाय. परत आल्याची नोंदच नाही. मशीनच्या हिशेबी तो अजून बाहेरच आहे."

मित्रांनो, त्या पहाटे त्याला बाहेर नेणारी मीच होते.

"मेलेल्या माणसाचा पासपोर्ट जमा करायचा असतो," अंमलदार पुढे म्हणाला. "तुम्ही तो बाळगता, वर खिडकीत देता. गुन्हा आहे हा. कुणी ठेवला होता?"

"मी," सबारिया म्हणाली. "तिला माहीत नव्हतं. अंधारात चुकून दिला गेला. तिचा हा घ्या." तिने कलथुमचा खरा पासपोर्ट टेबलावर ठेवला. "तिला सोडा, तिला उशीर होतोय."

"पण कशाला ठेवला?"

"सकाळी नेते, संध्याकाळी आणते," सबारिया म्हणाली. "रोज. तो गेला आणि आला नाही ना. मी रोज आणते."

दोन वर्षं ती माझ्या पाठीवर बसत होती, तिच्या पिशवीत तो होता, आणि मला पत्ता नव्हता. मी स्वतःला रिदुआनची एकनिष्ठ म्हणवत होते. लाज वाटली मला.

अंमलदाराचा आवाज थोडा खाली आला. त्याने एक कागद पुढे केला. मृत्यूची नोंद करायची, पासपोर्टाचा कोपरा कापून तो रद्द करून परत द्यायचा, म्हणजे प्रकरण मिटेल. बायकोची किंवा बहिणीची, एकीचीही सही चालेल.

"मी नाही करणार," सबारिया म्हणाली.

"मग काक, तुम्ही करा. बहीण आहात. सही केली की पाच मिनिटांत मोकळ्या," अंमलदार कलथुमला म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा वाजले होते. तेव्हा निघाली असती तर ती सातला नक्की पोचली असती. माझ्या इंजिनाची शपथ घेऊन सांगते, मी पोचवलं असतं.

कलथुमने पेन घेतलं. मग तिचा आवाज आला, पण तो अंमलदारासाठी नव्हता.

"दगडे, मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू मला नावं ठेवण्यातून मोकळी तर व्हायला हवीस!"

"दफनाला रडली नाहीस तू!"

"तू इतकी रडत होतीस की तुला धरायला कुणीतरी हवं होतं. मी धरलं होतं तुला. तेही आठवत नाही तुला!"

मग पेन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला.

"आधी तिची सही होईल," ती अंमलदाराला म्हणाली. "तिला डावलून मी माझ्या भावाला कागदावर मारणार नाही. किती वाजायचे ते वाजू देत."

"नोकरी जाईल तुझी," सबारिया म्हणाली.

"जाऊ दे. तू तुझं बघ. लवकर कर म्हणून मी म्हणणार नाही, आणि लाडीगोडीही लावणार नाही."

सहा वाजले. सव्वासहा झाले. बाहेर गाड्यांचा पूर वाहत होता आणि मी थंड पडत चालले होते. साडेसहाला सबारियाने सही केली. तिच्या खाली कलथुमने केली. कात्रीचा आवाज आला, अगदी छोटा. त्या आवाजाबरोबर सबारिया रडली, दोन वर्षांचं सगळं एकदम, मोठ्याने. कलथुमने तिला जवळबिवळ घेतलं नाही. ती नुसती शेजारी उभी राहिली आणि आत डोकावणाऱ्या शिपायावर खेकसली, "काय तमाशा आहे का?"

कारखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेसात होऊन गेले होते. मुकादमाने कारण विचारलंच नाही. "ओळखपत्र दे आणि जा," एवढंच म्हणाला. बारा वर्षांची नोकरी, आणि त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. कलथुमने ओळखपत्र त्याच्या टेबलावर भिरकावलं. बाहेर येऊन बघते तर सबारिया कँटीनला न जाता माझ्याजवळच उभी.

"झालं तुझं समाधान?" कलथुम म्हणाली.

"नाही झालं," सबारिया म्हणाली. "चल घरी. भात मी लावते, भांड तिथे."

मित्रांनो, अशा हकीकतीच्या शेवटी यंत्राने म्हणायचं असतं की मला पुसत जा, तेलपाणी करत जा. करा हवं तर, माझी साखळी अजून करकरते. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. माझ्या पाठीवर बसून गप्प राहू नका. गप्प माणसांचं ओझं मला फार होतं, चढावर दम लागतो. भांडायचं तर तोंडाने भांडा.

त्या सकाळी उलट दिशेला पूल रिकामा होता. जोहोरच्या खिडकीशी आलो. सबारियाने पिशवीतून दोन पासपोर्ट काढले. कलथुमने मागे हात केला आणि तसाच धरून ठेवला.

"तिसरा दे."

"कशाला? तो रद्द झालाय."

"दे म्हणते ना!"

कलथुमने तिन्ही पासपोर्ट खिडकीत ओळीने ठेवले. आतल्या बाईने दोन तपासले, तिसऱ्याचा कापलेला कोपरा बघितला आणि तो बाहेर ढकलला. "हा चालत नाही. हा कशाला दाखवता?"

"घरी आणलाय," कलथुम म्हणाली. "म्हणून दाखवला."