केबिनमधले चार कण

चिकट काचपट्टी तासभर ठेवून मायक्रोस्कोपखाली पाहिली, तर ओपीडीत धुळीचे एकशे बारा कण होते, वॉर्डात त्रेचाळीस आणि डॉक्टर विजयकुमारांच्या केबिनमध्ये चार.

आमच्या ग्रामीण रुग्णालयाची दुरुस्ती रुग्ण आत असतानाच चालू आहे. मी इथे लॅब टेक्निशियन. प्रसूतिगृहाचं छत आणि फरशी नवी होईपर्यंत बाळंतपणं कुठे करायची, हे ठरवण्यासाठी धूळ मोजायला डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. मी तक्ता दिला. त्यांनी शेवटची ओळ वाचली आणि म्हणाले, "बघू."

कोणी बाळंतीण नसेल तेव्हा काम उरकावं, असा त्यांचा विचार. मी रजिस्टर काढलं. सहा महिन्यांत दोन बाळंतपणांमधलं सर्वांत मोठं अंतर एकोणीस तासांचं होतं. फरशीला सात दिवस लागतात. हेही सांगितलं.

"बघू."

केबिनमध्ये नवी फिरती खुर्ची आली होती. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता.

तोवर पुंजाजी मिस्त्री व्हरांड्यातली जुनी भिंत पाडत होते. कळा देणारी बाई आत गेली की मनकर्णा सिस्टर प्रसूतिगृहाच्या दाराला हिरवी चादर लावायच्या आणि पुंजाजी हातोडा खाली ठेवायचे. बारा दिवसांत भिंत जेमतेम हातभर उतरली.

"म्याडम, इतकं निवांत काम जन्मात केलं न्हाई," ते मला म्हणायचे. "चादर लागली की च्या."

आज सकाळी प्रसूतिगृहाच्या छताचा मोठा पोपडा रिकाम्या टेबलावर पडला. सिस्टरांनी खोलीला कुलूप घातलं. अर्ध्या तासात साखऱ्याहून जीप आली. आत पुंजाजींची लेक राधिका, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

"हिंगोलीला पाठवू," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर तिला तपासून आल्या. "सर, निम्म्या वाटेतच लेकरू येईल."

पुंजाजी हातोडा धरून उभे होते. कुठेच चादर नव्हती, तरी त्यांचा हात चालत नव्हता.

"साहेब, म्याडमच्या काचेत तुमची खोली समद्यात साफ निघाली म्हनं."

"तिथे माझं सामान आहे, पुंजाजी."

"आमी उचलतो की."

"खुर्ची तर उचलायबी लागत न्हाई, चाकं हायेत तिला," सिस्टर म्हणाल्या. "का तिलाबी कळा येऊन राहिल्या, सर?"

बाकावर राधिका कण्हली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तक्ता माझ्या हातात होता, पण तो त्यांना पाठ असणार.

"चार," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी खिशातून केबिनची किल्ली काढून सिस्टरांच्या हातावर ठेवली.

"फरशी होईपर्यंत," ते म्हणाले, "चादर माझ्या दाराला लावा."