विहिरीचा डाव

तिने एकेचाळीसचा पत्ता टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. समोरच्या खुर्चीतून तिच्या नवऱ्याने लगोलग त्याच्याखाली एकोणचाळीसचा सरकवला. भोवती उभ्या असलेल्या माणसांनी रोखून धरलेला श्वास सोडला. कुणीतरी टाळीसाठी उचललेला हात त्या खेळांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी हवेतच धरला. डाव संपेपर्यंत गप्प राहायचे, हा नियम तिथे बघ्यांनाही होता.

खेळाचे नाव विहीर. दोघांनी मिळून अंधाऱ्या विहिरीत उतरायचे, म्हणजे हातातले पत्ते मोठ्या आकड्यापासून लहानाकडे एकाच रांगेत मांडत जायचे. समोरच्याच्या हातात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. बोलायचे नाही, खूण करायची नाही. पाळी ठरलेली नसते. आपला क्षण आला असे वाटले की पत्ता टाकायचा. क्रम चुकला की दोराचा एक पदर तुटतो, आणि तिन्ही पदर तुटले की दोघेही तळाशी.

त्याच्या हातात एक पत्ता राहिला होता, तिच्या हातात दोन. तिने त्याच्याकडे पाहिले, थांबली, आणि एकापाठोपाठ एक आपले दोन्ही ठेवून दिले. त्याने शेवटचा, चारचा, टेबलावर आपटला.

"एकही पदर तुटला नाही!" मालकीणबाई ओरडल्या. गळ्यातल्या दोरीला अडकवलेला त्यांचा चष्मा छातीवर उडत होता. "दोन वर्षं हा खोका माझ्या फडताळात आहे. लोक भांडून उठतात हो यावरून. एकदा एका जोडप्याने खुर्ची मोडली माझी."

"आमचं कनेक्शनच तसं आहे," नवरा म्हणाला. "बिनतारी."

लोक हसले. तो दंतवैद्य होता. ज्यांच्या तोंडात आरसा आणि चिमटा आहे अशा माणसांना प्रश्न विचारण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे उत्तरासाठी थांबण्याची त्याला सवय नव्हती. चारचौघांत तो बायकोला राणीसाहेब म्हणे. घरी 'ए' पुरत असे.

"मनकवडी आहे तुमची बायको, डॉक्टर," मालकीणबाई म्हणाल्या. "दृष्ट काढा तिची."

मनकवडी हा शब्द कोशात कौतुकाचा आहे. मनकवडे कुणाला आणि कशापायी व्हावे लागते, याची नोंद कोशकारांनी ठेवलेली नाही. व्युत्पत्ती शोधणे हे त्यांचे काम, कारणे शोधणे नव्हे. चाकर धन्याचे मन ओळखतो, कैदी पहारेकऱ्याचे. धन्याला चाकराचे मन ओळखण्याची निकड भासल्याचे दाखले इतिहासात फारसे सापडत नाहीत. तरीही हा गुण दोघांत समान वाटला गेला आहे असे गृहीत धरून त्याला प्रेम म्हणण्याची रीत आहे, आणि त्या दुकानातल्या सगळ्या सुशिक्षित माणसांनी ती त्या दिवशी मनापासून पाळली.

तिला जे दिसत होते ते साधे होते. पत्ता टाकायची घाई झाली की त्याचा अंगठा पत्त्याच्या कोपऱ्यावर घासू लागे. अजून थांबायचे असले की श्वास नाकातून लांब निघे. आणि टेबलाखाली सतत हलणारी त्याची टाच अचानक थांबली, तर हातातले सगळे खाली ठेवून स्वयंपाकघरात निघून जाणे चांगले, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. त्या वर्षी ती एकदा गेली नव्हती. भिंतीवर फुटलेल्या पेल्याचे तुकडे बरेच दिवस कपाटामागून निघत राहिले. नंतर पेले फुटले नाहीत. तो सुधारला, असे तो म्हणे. ती शिकली होती, इतकेच.

या दुकानात पहिले पाऊल तिचे पडले होते, ही गोष्ट आता कुणाला आठवत नव्हती. ती जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढी. शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने तिला एका दुपारी एक खोका आणून दिला होता. "एकटीनं खेळायचा आहे. हसू नकोस, एकदा मांडून बघ." आत षटकोनी तुकडे होते : नदी, देवदाराचे रान, ओसाड माळ; आणि त्यांवर मांडायची लाकडी अस्वले. ढिगातून एक तुकडा उचलायचा आणि कुठे लावायचा ते ठरवायचे. नदी नदीला मिळाली तर गुण, अस्वलांना शेजार मिळाला तर गुण. दिवसभर दुसऱ्यांच्या कुंपणांच्या रेषा ओढणाऱ्या बाईला आपल्या मर्जीने नदी वळवता येते, याचे सुख तिला कुणाला सांगता आले नसते. तसाच खोका तिने या दुकानातून स्वतःसाठी विकत आणला. शनिवारी दुपारी नवरा मित्रांच्या अड्ड्यावर जाई. दार लागले की ती जेवणाचे टेबल पुसून खोका उघडत असे. हरले तरी विचारणारे कुणी नव्हते. पुष्कळदा ती हरे, आणि तेही तिला आवडे.

मग अड्ड्यावर त्याचे कुणाशी तरी बिनसले आणि तो एका शनिवारी लवकर घरी आला.

"एकटीच खेळतेस? कुणाशी, भुताशी?" त्याने अस्वल उचलून उलटेपालटे पाहिले. "अगं, मला सांगायचंस की. माणूस आहे ना घरात."

पुढच्या आठवड्यात तो दोघांनी खेळायचे तीन खोके घेऊन आला. माणूस घरात होता आणि त्याला खेळ चटकन उमजत. तिच्या पाळीला तो म्हणे, "थांब, ते नको, हे कर," आणि तिचे प्यादे आपल्याच हाताने हलवी. जिंकल्यावर म्हणे, "जिंकलो की नाही आपण?" सहकार्याचे खेळ होते ते; खोक्यावरच तसे छापलेले असे. तिचे षटकोनी तुकडे माळ्यावर गेले. विहिरीच्या खेळात मात्र बोलायला बंदी होती, आणि नेमका तोच त्याला सर्वांत आवडला. न बोलता आपले म्हणणे समजले जावे, यात त्याला काही नवल वाटत नसे.

"माझ्या डोक्यात एक विचार आहे," मालकीणबाई खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "दर शनिवारी दुपारी जोडप्यांसाठी बैठक भरवायची. नवे लोक येतात, बिचकतात. तुम्ही दोघांनी शिकवायचं. एक डाव खेळून दाखवा, मग टेबलाटेबलावर फिरा. चहापाणी माझ्याकडे."

"अहो, त्यात विचारायचं काय? दर शनिवारी येऊ आम्ही!" तो म्हणाला. "हिला तरी दुसरं काय काम असतं शनिवारी?"

तिने पत्ते गोळा करून त्यांच्या कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या. कधीतरी त्याचे अड्ड्यावर पुन्हा जमेल, या एका आशेवर ती गेले सहा महिने ढकलत आली होती. ते शनिवार आता जाहीररीत्या, टाळ्यांच्या गजरात, वाटून टाकले गेले होते.

"राणीसाहेब लाजल्या," तो म्हणाला.

शेजारच्या टेबलावर एक नवे जोडपे विहिरीत उतरू पाहत होते. मुलगी पोहायला शिकवी. आवाज तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचेल असा. तिचा नवरा बँकेत होता. तिसऱ्याच पत्त्याला त्यांचा पदर तुटला.

"अरे गाढवा, ऐंशी होता माझ्याकडे!"

"मग टाकायचास की! अंडी उबवत बसली होतीस का?"

"मला काय माहीत तुझ्याकडे पंचाहत्तर आहे? तुझ्या तोंडावर लिहिलंय?"

दोघे खिदळत होते. पाचव्या पत्त्याला दुसरा पदर गेला, आणि सातव्याला दोर संपला. मुलगा अजून हसत होता, पण त्याने मान वळवून दंतवैद्याच्या टेबलाकडे पाहिले.

"तू माझ्याकडे बघतच नाहीस," तो मुलीला म्हणाला. "त्या बघ कशा बघतात त्यांच्याकडे. शिक जरा."

मुलगी उठून आली आणि दंतवैद्याच्या बायकोशेजारी उकिडवी बसली.

"काकू म्हणू की ताई?"

"काहीही म्हण."

"मग ताई. ताई, सांगा ना, नक्की बघता काय तुम्ही? आमच्या ह्याचा चेहरा म्हणजे बंद पडलेलं घड्याळ. काही कळत नाही मला."

"कळेल हळूहळू."

"नाही, आत्ता सांगा. बघून बघून नेमकं काय बघायचं?"

दंतवैद्य मालकीणबाईंना अक्कलदाढेविषयी काही सांगत होता. त्याचे लक्ष नव्हते.

"हात बघायचा," ती म्हणाली. "चेहरा सांभाळता येतो, हात नाही सांभाळता येत. अंगठा कुठे आहे ते बघ. मग श्वास. श्वास लांब असला तर आपण काही करायचं नाही." तिचा आवाज शांत होता, चांगल्या शिक्षिकेचा. "आणि काही हलत असलेलं थांबलं, पाय म्हण, बोट म्हण, तर लगेच..."

ती थांबली. मुलगी हसायची थांबली होती. मान किंचित तिरपी करून, डोळे बारीक करून ती पलीकडच्या टेबलावर बसलेल्या आपल्या नवऱ्याच्या हाताकडे पाहत होती. तो बिचारा खोक्याचे झाकण बोटावर फिरवत होता.

"झाकण फिरवतोय," मुलगी हळू म्हणाली. तिचा आवाज दोघींपुरताच होता. "म्हणजे कंटाळलाय का? की हरल्याचा राग आलाय? मघाशी असाच फिरवत होता तो..."

"तसं काही नसतं गं," ती घाईने म्हणाली. "नशिबाचा खेळ आहे सगळा. तू आपली बडबड कर."

"पण तुम्ही तर आत्ता म्हणालात..."

"चला!" दंतवैद्याने टाळी वाजवली. "पोरांना एकदा नीट खेळून दाखवू. या रे, बघा. शिकून घ्या."

मालकीणबाईंनी पत्ते पिसून वाटले. मुलगी आणि तिचा नवरा दोन बाजूंना उभे राहिले. आणखी चारपाच जण जमले. डाव सुरू झाला आणि दुकान गप्प झाले.

तिने आपले पत्ते उचलून पंख्यासारखे पसरले आणि त्यांच्याकडे पाहिले. फक्त त्यांच्याकडे. अठ्ठ्याऐंशीच्या पत्त्यावर एका मजुराचे चित्र होते, कंदील वर धरलेला. इतके महिने खेळूनही ते तिने कधी पाहिले नव्हते. सदुसष्टवर दगडात वाढलेले नेचे होते. खाली खाली जाताना चित्रे निळी होत गेली होती. कुणीतरी मन लावून काढली होती ती.

समोर पत्त्याच्या कोपऱ्यावर काहीतरी घासल्याचा बारीक आवाज आला. तिने मान वर केली नाही. लांब श्वास ऐकू आला. तो तिने ऐकला, जसा रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाचा आवाज ऐकतात तसा. त्याच्या टाचेने टेबलाचा पाय हलत होता. मग हलायचा थांबला.

तिची मान ताठ झाली. पाठीचा प्रत्येक मणका उठून उभे राहायला सांगत होता. ती नेच्याकडे पाहत बसून राहिली.

बराच वेळ कुणीही पत्ता टाकला नाही. शेवटी त्याने बावन्न ठेवला. तिने अठ्ठ्याऐंशीचा आणि सदुसष्टचा पत्ता उलटून दाखवला. मागे राहिलेले मोठे पत्ते उघड करायचे, असा नियम आहे. मालकीणबाईंनी दोराचा एक लाकडी पदर काढून घेतला. नंतर त्याने सेहेचाळीस टाकला. तिच्याकडे पन्नास होता. मग एकतीस. मग दोर नव्हता.

"हे काय?" तो हसला, आणि लोकांकडे पाहून आणखी हसला. "झोपलीस का गं?"

"नाही. मी माझे पत्ते बघत होते."

"अगं, माझ्याकडे बघायचं ना!"

"पण डॉक्टर," बँकेतला मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो खरोखरच खेळ समजून घेत होता. "मोठा पत्ता त्यांच्याकडे होता. म्हणजे बघायचं तर तुम्ही होतंत ना, त्यांच्याकडे?"

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कधी दंतवैद्याकडे, कधी तिच्याकडे पाहिले. कुणी टाळी वाजवली नाही. मुलगी मात्र बोलली, तलावाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात :

"बरोबर आहे की! मीच का बघायचं? तू बघ माझ्याकडे, गाढवा."

सगळे हसले. दंतवैद्यही हसला, पण त्याचे हसू इतरांच्या मागून आले. त्याने खिशातून मोटारीची किल्ली काढली.

"चल. घरी चल."

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. घर दूर नव्हते, आणि घरी जायचेच होते. त्याला दुसरा रस्ता तिने अजून कोणत्याही नकाशावर काढलेला नव्हता. ती उठली नाही.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मला आणखी एक डाव खेळायचा आहे."

"कुणाशी?"

तिने पत्ते ओढून घेतले आणि सावकाश पिसू लागली. माणसे आपापल्या टेबलांकडे पांगली. तो किल्ली हातात घेऊन उभा होता. दाराकडे एक पाऊल गेला, परत आला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, काढला. बसावे की जावे, हे त्याला कळेना. तिच्या मनात काय आहे ते समजावे म्हणून तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, मग तिच्या हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. कुठे पाहायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते.

डाव केव्हाच संपला होता आणि आता टेबलावर बोलायला कसलीही बंदी नव्हती. ती पत्ते पिसत राहिली.