मिलवाल्यांचा टॉवर

कापडाची मिल बंद पडली तेव्हा इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या त्या गल्लीत कोणाला रडायलाही फुरसत नव्हती. साचे चालवणारे हात मुकाट्याने हमालीला लागले. काही वर्षांनी मोबाइल आले, तसा सुरभीने आपल्या वडिलांना, गोपीनाथ अण्णांना, एक फोन घेऊन दिला. ती तुकोगंजातल्या मोबाइल कंपनीत इंजिनियर होती, आणि गल्लीला तिचं कोण कौतुक!

त्या एका फोनवर गल्लीतल्या चुली पेटायच्या. सकाळी ठेकेदाराचा मुनीम घंटी द्यायचा आणि काटायचा. एक घंटी म्हणजे गोदामावर, दोन म्हणजे मालगाडीवर. उचलायचा नाही, पैसे पडतात. मग अण्णा ज्यांची पाळी असेल त्यांना उठवायचे. पाळीत त्यांनी सख्ख्या भावालाही कधी पुढे घुसवलं नाही. म्हणून तर फोन त्यांच्याकडे होता.

सुरभीचं काम काय, तर कम्प्युटरवर अख्खं इंदूर उभं करायचं. कुठल्या टॉवरला किती चॅनेल द्यावे, म्हणजे एका वेळी तिथे किती जणांचे फोन लागतील, ते तिचं मॉडेल सांगायचं. चॅनेल मोजकेच. इथे वाढवायचे तर तिथले काढायचे. बाजारातले शेठ ओरडत होते की फोन लागत नाहीत. तिने बिलांतली मिनिटं मॉडेलमध्ये भरली आणि मॉडेलने नेमकं मिलजवळच्या टॉवरवर बोट ठेवलं. इथे कोणी बोलतच नाही, इथले काढा! चॅनेल गेले, तिचे साहेब, रजत सर, यांनी तिची पाठ थोपटली. मिस्ड कॉलचं बिल होत नाही, हे गिरणीवाल्याच्या पोरीला सुचायला नको होतं का? पण नाही सुचलं. जिथे वाढली तीच गल्ली तिला आकड्यांत दिसली नाही.

त्यानंतर बऱ्याच सकाळी फोन मुकाच राहू लागला. विचारलं की मुनीम म्हणायचा, "मैंने तो घंटी दी थी." तो नंबर दाबून लगेच काटणारा, लागला की नाही ते ऐकतंय कोण! मग कुजबुज सुरू झाली. घंटी येते, गोपीनाथ दाबून टाकतो, गुपचूप आपली माणसं पाठवतो.

सुरभीच्या कानावर हे आलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने मिस्ड कॉल धरून मॉडेल पुन्हा चालवलं. सकाळच्या वेळी मिलजवळचा टॉवर आसपासच्या गल्ल्यांतल्या अशाच घंट्यांनी तुडुंब भरलेला.

रजत सरांनी स्क्रीनवरचे आकडे तपासले. "तुझं बरोबर आहे सुरभी. पर मिस्ड कॉलने कंपनीला मिळतं काय? राहू दे."

संध्याकाळी घरी येऊन तिने अण्णांना सगळं सांगितलं. तेवढ्यात दारात माणसं जमली. पुढे बाबूकाका, मिलमध्ये अण्णांच्या शेजारच्या साच्यावर उभे राहिलेले, सुरभीला लहानपणी खांद्यावर खेळवणारे.

"गोपी, खरं बोल भिया. घंटी येते का?"

सुरभी पुढे झाली. "काका, ऐका ना, यात अण्णांचा काही..."

"येते," अण्णा मध्येच म्हणाले. "मीच दाबतो."

बाबूकाकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी नुसता हात पुढे केला. अण्णांनी फोन देऊन टाकला. माणसं निघून गेली. कोणी शिवी हासडली असती तरी बरं वाटलं असतं.

"अण्णा, काय केलंत हे!"

"माझं काय गं, मी म्हातारा. चोर तर चोर. तुझं नाव निघालं तर इथे तुला कोणी दारात उभं करणार नाही."

"अहो, पण तो बाबूकाकांकडेही वाजणार नाही! उद्या त्यांनाही चोर म्हणतील."

हे अण्णांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुरभी अनवाणीच धावली. नळाजवळ बाबूकाकांना गाठून तिने सगळं सांगून टाकलं. चॅनेल तिनेच काढायला लावले, अण्णा तिच्यासाठी खोटं बोलले, सगळं.

"मग परत लाव ना बेटा," ते म्हणाले.

"साहेब नाही म्हणतात, काका."

काका रागावले असते तर तिला सोसलं असतं. त्यांनी तिचा हात धरला आणि फोन तिच्या तळहातावर ठेवला.

"मग हा तुझ्या ऑफिसात घेऊन जा," ते म्हणाले. "तिथे तरी वाजेल."